दर्शनी भिंतीची वीट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गिलावा न करता विटा उघड्या ठेवलेल्या बाहेरच्या भिंतींविषयी अनेक वाचकांनी विचारले आहे. त्यांतील काही प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी विक्रेत्याने तीन नमुने दाखवले. पहिली वीट गडद लाल आणि गुळगुळीत आहे, दुसरी फिकट पिवळसर आहे आणि तिसरी हाताने थापलेली, थोड्या ओबडधोबड कडांची आहे. आम्हाला तिन्ही आवडल्या आहेत. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : रंगाचा निर्णय थोडा बाजूला ठेवा आणि आधी विक्रेत्याला विचारा, की या विटा पाणी किती शोषतात. गिलावा नसलेल्या भिंतीत ऊन, पाऊस आणि वारा थेट विटेलाच झेलावा लागतो आणि तिच्यातले बहुतेक बिघाड पाण्यापासूनच सुरू होतात. ओल आत झिरपते, क्षार बाहेर येऊन पांढरे डाग पडतात, शेवाळ धरते, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. जिथे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाते तिथे धोका आणखी वाढतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि छिद्रांत मोकळी जागा उरली नसेल, तर विटेचा दर्शनी भाग आतून फुटून निघतो.

शोषण मोजण्याची नेहमीची रीत अशी, की कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात बुडवायची आणि वजन किती टक्क्यांनी वाढले ते पाहायचे. भारतीय मानक आयएस 1077 प्रमाणे साध्या भाजलेल्या विटेसाठी ही वाढ, दाब सहन करण्याच्या ताकदीनुसार केलेल्या वर्गांपैकी 12.5 पर्यंतच्या वर्गात 20 टक्क्यांपेक्षा आणि त्यावरच्या वर्गांत 15 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ही मर्यादा गिलाव्याखाली झाकल्या जाणाऱ्या विटेलाही लागू आहे, म्हणून उघड्या भिंतीसाठी तिच्या काठावर असलेली वीट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या एएसटीएम सी216 या दर्शनी विटांच्या मानकात कडक हवामानासाठीच्या वर्गाला दोन अटी आहेत. पाच तास उकळल्यानंतरचे सरासरी शोषण 17 टक्क्यांच्या आत हवे आणि थंड पाण्यातल्या शोषणाचे उकळत्या पाण्यातल्या शोषणाशी असलेले प्रमाण 0.78 च्या आत हवे. दुसरी अट विशेष समजून घेण्यासारखी आहे. उकळल्यावर विटेची जवळजवळ सगळी छिद्रे भरतात, पण पावसात भिजताना काही छिद्रे रिकामी राहतात, आणि बर्फाला पसरायला हीच रिकामी जागा उपयोगी पडते. युरोपीय मानक ईएन 771-1 मध्ये गोठण्याला तोंड देण्याच्या क्षमतेनुसार एफ0, एफ1, एफ2 आणि विरघळणाऱ्या क्षारांनुसार एस0, एस1, एस2 असे वर्ग केलेले आहेत. तुमच्या भागात जे मानक चालते त्यानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागा, आणि तो तुम्हाला मिळणाऱ्या मालाचाच आहे, जुन्या एखाद्या खेपेचा नाही, याची खात्री करा.

मात्र शोषण जितके कमी तितकी वीट चांगली, असा अर्थ काढू नये. अगदीच कमी शोषणाच्या, काचेसारख्या घट्ट विटेला सांध्यातला माल, म्हणजे सिमेंट-वाळूचे मिश्रण, नीट धरत नाही, आणि सांध्यात राहिलेल्या बारीक फटींतून पाणी आत शिरते. उलट फार तहानलेली वीट मालातले पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. जागेवर करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. विटेच्या सपाट पृष्ठावर सुमारे 25 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ मेणखडूने काढा आणि त्यात पाण्याचे 20 थेंब सोडा. दीड मिनिटाच्या आत सगळे पाणी जिरले, तर ती वीट बांधकामाआधी भिजवावी लागेल. भिजवल्यावर पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा, कारण ओलेचिंब वीट मालावर घसरते.

याशिवाय प्रत्येक नमुन्यातली एक वीट तुमच्यासमोर फोडून घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज येणे आणि नखाने ओरखडा न उठणे या कसोट्या सर्वांना माहीत असतात, पण फोडलेल्या विटेचा आतला भाग त्यांच्याहून पुष्कळ अधिक सांगतो. पोत सगळीकडे एकसारखा असावा, थर सुटलेले दिसू नयेत, आणि पांढरे खडे दिसले तर ती वीट नाकारावी. हे खडे चुनखडीचे असू शकतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे ओलावा लागला की तो फुगतो आणि विटेच्या तोंडावरचा टवका उडवतो. आतला आणि बाहेरचा रंग वेगळा दिसला, तर रंग वरच्या लेपाचा आहे असे समजावे. लेपाची वीट वाईटच असते असे नाही, पण तिचा कोपरा उडाला की डाग कायमचा दिसतो.

आता तुमचे तीन नमुने पाहू. गुळगुळीत लाल वीट बहुधा तारेने कापलेली असेल. तिच्या कडा सरळ असल्याने सांधे बारीक ठेवता येतात, पण गवंड्याचा हातही तितकाच सराईत हवा, कारण सरळ विटेत अर्ध्या सांध्याचा फरकसुद्धा डोळ्याला खुपतो. तिचा लाल रंग मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचा आहे आणि तो उन्हाने विटत नाही. पिवळसर विटेत सहसा मातीतला चुना लोहाचा लाल रंग झाकून टाकतो. अशा विटेवर जमिनीवरून उडणारा चिखल आणि पागोळ्यांचे ओघळ लवकर उठून दिसतात, आणि फिकट विटांवर कधी कधी व्हॅनेडियम या धातूच्या क्षारांचे हिरवट डाग येतात. ते आम्लाने धुतले तर आणखी पक्के होतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. हाताने थापलेल्या विटेच्या मापांत फरक असतो, त्यामुळे तिला जाड सांधे लागतात. तिची भिंत मला स्वतःला सर्वांत जिवंत वाटते, आणि नीट भाजलेली असेल तर ती टिकायलाही कमी पडत नाही.

तरीही हातातल्या एका विटेवरून निर्णय घेऊ नका. साधारण मीटरभर लांब आणि तितकीच उंच नमुना भिंत बांधून घ्या, तीही प्रत्यक्ष वापरायच्या मालाने आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंड्याकडून. तीन मीटर अंतरावरून ती सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात, कोरडी असताना आणि ओली असताना पाहा. 215 मिलिमीटर लांब आणि 65 मिलिमीटर उंच तोंडाची वीट 10 मिलिमीटरच्या सांध्याने बांधली, तर भिंतीच्या दर्शनी क्षेत्रफळाचा सुमारे सहावा हिस्सा सांध्यांचाच असतो. मालाचा रंग बदलला की विटेचा रंगही वेगळा भासतो तो यामुळेच. शिकागो येथील, 1910 मध्ये पूर्ण झालेल्या रॉबी हाउसमध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी लांबट, कमी उंचीच्या विटा वापरल्या, उभ्या सांध्यांत विटेच्या रंगाचा माल भरला आणि आडवे सांधे फिकट ठेवून खोल घेतले. त्यामुळे उभ्या रेषा जवळजवळ नाहीशा झाल्या आणि सगळे घर जमिनीलगत पसरल्यासारखे दिसते.

खोल घेतलेला सांधा मात्र पाऊस अडवून धरतो, म्हणून जिथे पावसाचा मारा जास्त आहे तिथे तो टाळावा. गोल सळईने दाबून घेतलेला किंचित अंतर्वक्र सांधा सर्वांत सुरक्षित, कारण दाबल्याने माल घट्ट होतो आणि विटेच्या कडेला फट राहत नाही. मालही विटेपेक्षा कमकुवत असावा. भिंत जेव्हा किंचित हलते तेव्हा तडा सांध्यात जावा, विटेत जाऊ नये, कारण सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंट, चुना आणि वाळू 1:1:6 या प्रमाणातला माल बहुतेक बाहेरच्या भिंतींना पुरेसा होतो.

प्रश्न : विटा किती मागवाव्यात? निम्म्या आता आणि निम्म्या तीन महिन्यांनी घेतल्या तर चालेल का?

उत्तर : दोन वेळा घेऊ नका. मातीच्या खाणीतला थर बदलतो, भट्टीतली उष्णता बदलते, आणि त्याच नावाने विकली जाणारी वीट पुढच्या खेपेला वेगळ्या छटेची येते. पैशांची किंवा जागेची अडचण असेल तर निदान एक संपूर्ण बाजू एका खेपेत होईल आणि खेपेचा बदल घराच्या कोपऱ्यावर पडेल, अशी आखणी करा.

संख्या काढण्यासाठी विटेची लांबी आणि उंची यांत सांध्याची जाडी मिळवून गुणाकार करावा आणि एक चौरस मीटरला त्याने भागावे. वर सांगितलेल्या 215 गुणिले 65 तोंडाच्या विटेच्या एकेरी थराला चौरस मीटरमागे सुमारे 60 विटा लागतात, तर 190 गुणिले 90 तोंडाच्या विटेला 50. दारे-खिडक्या वजा केल्यावर तूटफूट आणि कापकामासाठी 5 टक्के जास्त धरावेत, आणि भिंतीला कोन किंवा कमानी असतील तर 10 टक्क्यांपर्यंत जावे. काम संपल्यावर शेकडा एक-दोन विटा जपून ठेवा, कारण काही वर्षांनी नळासाठी भिंत फोडावी लागली तर तशीच वीट बाजारात मिळेल याची हमी कोणीच देत नाही. खिडकीच्या उंबऱ्याच्या, कोपऱ्याच्या आणि कठड्यावरच्या खास आकाराच्या विटा मूळ मागणीबरोबरच नोंदवाव्यात, कारण त्या सहसा वेगळ्या भाजल्या जातात आणि उशिरा येतात.

माल उतरल्यावर विटा मातीवर थेट रचू नका. जमिनीतले क्षार आणि ओल त्या शोषून घेतात. फळ्यांवर रचून वरून झाकावे आणि बाजूंनी वारा खेळता ठेवावा. बांधताना एका वेळी किमान तीन गठ्ठ्यांतल्या विटा मिसळून घ्याव्यात आणि प्रत्येक गठ्ठ्यातून आडवा थर न उचलता उभ्या रांगा उतरवाव्यात. हे केले नाही तर छटांचे पट्टे भिंतीवर उमटतात आणि नंतर त्यावर काहीही इलाज उरत नाही. गवंड्याला हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगा.

भट्टीतून नुकत्याच निघालेल्या गरम विटा घाईने बांधू नयेत, हेही इथेच सांगतो. भाजलेली मातीची वीट हवेतला ओलावा घेऊन हळूहळू आणि कायमची प्रसरण पावते, आणि यातला मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत होतो. लांब भिंतीत साधारण दहा-बारा मीटरवर प्रसरणासाठी उभी फट ठेवून ती लवचीक पदार्थाने भरतात, तेही याचसाठी. सिमेंटच्या विटा मात्र सुकताना आकुंचन पावतात, म्हणून दोन्ही प्रकार एकाच भिंतीत सरमिसळ करून बांधू नयेत.

प्रश्न : नवीन भिंतीवर दोन महिन्यांत पांढरी पूड आली. विक्रेता म्हणतो ती आपोआप जाईल, शेजारी म्हणतात आम्ही फसलो. खरे काय?

उत्तर : बहुधा विक्रेता बरोबर आहे, पण तुम्ही पुढचे दोन ऋतू लक्ष ठेवले पाहिजे. भिंतीला लोणा लागतो तो तीन गोष्टी एकत्र आल्यावर : विरघळणारे क्षार, त्यांना विरघळवणारे पाणी आणि ते पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन सुकण्याची वाट. क्षार विटेतले असतात, सिमेंटमधले असतात किंवा न धुतलेल्या वाळूतलेही असतात. नव्या भिंतीत बांधकामाचे पाणी सुकत असल्याने पहिला लोणा जवळजवळ अपेक्षितच असतो. कोरड्या हवेत मऊ ब्रशने तो झाडून काढा आणि पूड गोळा करून टाकून द्या. पाण्याचा मारा करू नका, कारण क्षार पुन्हा विरघळून विटेत शिरतात आणि पुढच्या उन्हात परत वर येतात. आम्ल तर मुळीच वापरू नका.

दोन ऋतूंनंतरही पूड येत राहिली, तर क्षारांपेक्षा पाण्याचा शोध घ्यावा, कारण त्याला कुठून तरी सतत वाट मिळत आहे. कठड्याचा माथा झाकलेला आहे का, पन्हळ गळते का, खिडकीच्या उंबऱ्याखाली पाणी थेंबून पडण्यासाठी खाच आहे का, आणि जोत्यात ओल रोखणारा थर जमिनीपासून निदान 150 मिलिमीटर उंच आहे का, हे क्रमाने तपासा. बागेची माती किंवा नवी फरशी त्या थराच्या वर चढलेली असणे हे फार वेळा आढळणारे कारण आहे. लोणा कुठे दिसतो यावरून कारण ओळखता येते. वरून खाली येणारे ओघळ कठड्याकडे बोट दाखवतात, तर जोत्यालगतचा सलग पट्टा जमिनीतल्या ओलीचा असतो.

पूड पृष्ठभागावर येते तोवर नुकसान दिसण्यापुरतेच असते. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या मागे, छिद्रांच्या आत तयार होऊ लागले की वीट भुरभुरते. मोहेंजोदडोच्या हजारो वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या विटा जमिनीखाली टिकून राहिल्या, पण उत्खननानंतर खारे भूजल भिंतींतून वर चढून उघड्यावर सुकू लागले आणि त्या विटांचा अक्षरशः चुरा होऊ लागला. तुमच्या भिंतीवर हात फिरवल्यावर पांढऱ्या पुडीबरोबर लाल भुकटीही हाताला लागत असेल, तर मात्र वाट पाहू नका आणि जाणकाराला बोलवा.

प्रश्न : पूर्ण विटेऐवजी विटेच्या पातळ चकत्या गिलाव्यावर चिकटवल्या तर?

उत्तर : चालेल, पण त्या कशावर चिकटणार हे आधी पाहावे लागेल. भाजलेल्या मातीच्या चकत्या सहसा 15 ते 25 मिलिमीटर जाड असतात आणि त्यांचे वजन चौरस मीटरला सुमारे 40 किलो भरते, तर साधारण 100 मिलिमीटर जाडीच्या विटेच्या भिंतीचे सुमारे 200 किलो. पूर्ण विटेच्या दर्शनी थराला म्हणूनच पायाचा आधार लागतो, मागच्या भिंतीशी बांधणारे गंज न धरणारे पोलादी आकडे लागतात, मधे हवेची पोकळी लागते आणि आत शिरलेले पाणी बाहेर काढायला तळाशी छिद्रे लागतात. उभ्या असलेल्या घराला हा सगळा आधार नंतर देणे अवघड आणि खर्चाचे असते. तिथे चकत्या हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

जुन्या रंगावर चकत्या चिकटवू नका. रंगाची पकड सुटली की चकत्यांसह सगळे खाली येते. रंग खरवडून काढावा, पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करावा आणि बाहेरच्या वापरासाठी बनवलेलाच चिकटवणारा माल वापरावा. मूळ भिंतीत प्रसरणाची फट असेल, तर ती चकत्यांच्या थरातूनही तशीच पुढे न्यावी. कोपऱ्यांसाठी काटकोनात वळलेले तुकडे घ्यावेत, नाहीतर कडेला चकतीची जाडी उघडी पडते. चकती भाजलेल्या मातीची आहे, सिमेंटची आहे की कृत्रिम राळेची, हेही लेखी विचारा, कारण भाजलेल्या मातीच्या अंगच्या रंगाइतका टिकाऊपणा बाकीच्यांकडून अपेक्षित धरता येत नाही.

प्रश्न : भिंत पूर्ण झाल्यावर जलरोधक लेप द्यावा का?

उत्तर : चांगल्या विटेच्या आणि नीट दाबलेल्या सांध्यांच्या भिंतीला त्याची गरज नसते. पृष्ठभागावर चकचकीत पापुद्रा तयार करणारे लेप तर टाळाच, कारण आतली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि क्षार पृष्ठभागामागे अडकतात. सिलेन किंवा सिलोक्सेन या सिलिकॉनयुक्त रसायनांवर आधारलेले, छिद्रांत मुरणारे आणि वाफेला वाट ठेवणारे द्रव तुलनेने सुरक्षित आहेत. परंतु तेही फटी बुजवत नाहीत, म्हणून आधी सांधे, पन्हळी आणि कठडा दुरुस्त करावा, भिंत पूर्ण सुकू द्यावी, आणि तरीही ओल येत असेल तरच त्यांचा विचार करावा.

प्रश्न : जुन्या विटेच्या घराला नवी खोली जोडायची आहे. जुन्याशी जुळणारी वीट कशी शोधावी? पाडलेल्या घराच्या विटा घ्याव्यात का?

उत्तर : सुरुवात मापापासून करा, कारण रंगाचा थोडा फरक डोळा स्वीकारतो, पण थर जुळले नाहीत तर ते लगेच दिसते. एकच वीट न मोजता जुन्या भिंतीच्या दहा थरांची उंची सांध्यांसह मोजून दहाने भागा. मग भिंतीचा एक आडोशाचा तुकडा मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने स्वच्छ करून पाहा. जुन्या भिंतीवरचा काळपटपणा बराचसा धुळीचा असतो, आणि नवी वीट धुळीच्या रंगाशी जुळवली तर कधी जुनी भिंत साफ केल्यावर ती परकी दिसेल.

पाडकामातल्या विटा देखण्या असतात, मात्र त्यांत एक धोका आहे. जुन्या पद्धतीच्या भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजल्या जात नसत. चांगल्या भाजलेल्या विटा बाहेरच्या अंगाला आणि मऊ विटा आतल्या बाजूला किंवा गिलाव्याखाली वापरल्या जात. पाडताना त्या सगळ्या एकत्र होतात, आणि आतली मऊ वीट तुमच्या बाहेरच्या भिंतीत आली की काही पावसाळ्यांतच तिची झीज दिसू लागते. म्हणून ढिगातल्या विटा वाजवून आणि काही भिजवून वेगळ्या कराव्यात, धुराड्यातल्या काजळी धरलेल्या विटा बाजूला काढाव्यात, आणि ज्यांना चुन्याचा माल लागलेला आहे त्याच घ्याव्यात. चुना सहज सुटतो, पण सिमेंट काढताना वीट तुटते. जुन्या मऊ विटा कडक सिमेंटच्या मालात बांधू नका. तिथे चुन्याचा किंवा चुना जास्त असलेला मालच हवा.

नवी भिंत जुनीत दात काढून गुंफण्याचा आग्रह मी धरणार नाही. नव्या खोलीचा पाया काही काळ दबत राहतो, जुना पाया आधीच स्थिरावलेला असतो, आणि तडा बरोबर त्या गुंफणीत जातो. नवी भिंत जुनीच्या किंचित मागे घेऊन मधे उभी लवचीक फट ठेवली, तर तडा टळतो आणि सावलीच्या त्या रेषेमुळे रंगातला उरलासुरला फरकही खटकत नाही. वीट पक्की करण्यापूर्वी दोन-तीन प्रकारच्या विटांचे काही थर त्या कोपऱ्याजवळच कोरडे रचा आणि एकदा पाणी मारून पाहा. जी वीट ओली असतानाही जुन्या भिंतीशी जुळेल तिचीच मागणी नोंदवा.